काज कापलं तरी शर्ट फाटत नाही

काजवाल्या काकूंचं खरं नाव आळीत कुणी घेत नसे. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे त्यांच्या दारात यायचे आणि काजं करून, बटनं लावून परत जायचे. एकतीस वर्षं हेच. पुढं मोतीबिंदू झाला तेव्हा सुई सुनेकडून ओवून घ्यायच्या, पण काज कापायची कात्री तिला देत नसत. "तुझा हात घाबरतो गं," म्हणायच्या.

नेत्रदानाचे फॉर्म घेऊन मी फिरत होते, तेव्हा आळी मला बघून दारं लोटत होती. काकूंनी सही केली आणि वर मलाच सुनावलं, "भाषण आवर. मला गठ्ठा पोचवायचाय."

एके सकाळी पावणेदहाला त्या गेल्या. सुनेचा फोन आला, मी नेत्रपेढीला कळवून धावत सुटले. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. काकूंचा फॉर्म असला तरी घरच्यांची सही लागतेच. म्हणजे मुलाची.

सुनेनं काकूंच्या मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला होता. वर पंखा गरगरत होता. डोळे सुकतात त्यानं. मी चकार शब्द न बोलता पंखा बंद केला. मुलानं लावला. मी पुन्हा बंद केला.

"मावशी, घर माझं आहे."

"आणि डोळे तुझ्या आईचे."

आमच्या जिभेला हाड नाही, त्याला काय करणार. त्यानं पंखा फुल्ल केला आणि बटनाला पाठ लावून उभा राहिला. सून कापूस भिजवायची, वारा सुकवायचा.

नेत्रपेढीचं पथक येऊन जिन्यात बसलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी वरखाली येरझारा घालत होते.

"तिला धड दिसत नव्हतं," मुलगा म्हणाला. "कुणाच्या कामाचे ते डोळे?"

"मोतीबिंदू आतल्या भिंगाला होतो. पेढीला हवा पुढचा काचेसारखा पडदा. तो शाबूत आहे."

"माझी ताई परगावाहून पाचला पोचेल. तिला काय दाखवू, खळगे? ती आली की ठरवू."

"तोवर वेळ संपेल. तिला फोन लाव."

"गाडीत रडत बसलीये ती. तिला असलं विचारू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून उठली. गठ्ठ्यातला, सासूचा अर्धा राहिलेला शर्ट आणला. कात्रीनं काज कापलं, त्यातून बटन सरकवलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"आई काय म्हणायच्या? काज कापलं तरी शर्ट फाटत नाही. बघा, दिसतंय का कापलेलं?"

तो शर्टाकडं बघत राहिला. मग बटनापासून बाजूला झाला. पंखा तिनं बंद केला, सही त्यानं केली. वीस मिनिटांत पथक निघालं. काकूंच्या पापण्या मिटलेल्या, दुपारची डुलकी लागावी तशा.

लेक सव्वापाचला आली. आईच्या गालावरून हात फिरवला आणि भावाला आधी हेच विचारलं, "डोळे दिलेत ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"तिनंच सांगितलेलं. वाटभर तीच धास्ती, माझ्यासाठी थांबता की काय."

"मग फोन करायचास."

"तू आईपाशी बसलेला. तुला असलं कसं विचारू?"

तेव्हापासून फॉर्म भरून घेताना मी सगळं घर समोर बसवते आणि परगावच्या लेकीचा नंबर आधी मागते. पंख्याला हात लावण्याआधी कारणही सांगते. बहुतेक वेळा.