आडोशांचा नकाशा

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी आठ वर्षं भूगोल शिकवत होते आणि आठही वर्षं द्राक्षांचा वेल चुकीचा काढत होते. नाशिक जिल्हा आला की फळ्यावर आडवा वेल काढायचा आणि जमिनीलगत घोस लावायचे. पांझरा नदीच्या वाळूतली टरबुजं पाहिली होती, वेल म्हणजे तसाच असणार, एवढीच माझी अक्कल. एके दिवशी नववीतली एक मुलगी उठली. तिचे काका ट्रक घेऊन मुंबईला जायचे. "बाई, काका सांगतात, द्राक्षाचा वेल डोक्यावर असतो. मांडवावर. खालून माणसं चालतात." वर्गात कुणी हसलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. मी फळा पुसला आणि म्हटलं, "मग बघून येऊ." बोलताना विचार केला नव्हता. पण बोललेलं गिळायचं, हे मला कधी जमलं नाही.

ही साठच्या दशकातली गोष्ट. पिंपळगाव, निफाडकडचा तो जुना द्राक्षांचा मुलूख आमच्यापासून आग्रा रोडने चार तासांवर. पहाटे निघालं तर संध्याकाळी परत येता येईल, असा माझा हिशेब. तोपर्यंत आमच्या शाळेची सहल म्हणजे गावाबाहेरच्या देवळापर्यंत पायी जायचं आणि दशम्या खाऊन परत यायचं.

पहिले आडवे आले शाळेचे चिटणीस. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून येऊन धुळ्यात स्थिरावलेलं त्यांचं घराणं, बाजारात किराण्याचं मोठं दुकान. दारूबंदीचे दिवस होते. ते गंभीर होऊन म्हणाले, "बाई, द्राक्षाची दारू होते. पोरींना असल्या मुलखात न्यायचं, लोक काय म्हणतील?"

"शेठजी, दारू गुळाचीही होते," मी म्हटलं. "तुमच्या दुकानात तर ढेपांची थप्पी लागलेली असते. पोरी रोज तिथूनच शाळेत येतात."

मग त्यांनी परवानगी दिली, पण मुलींच्या संरक्षणासाठी दोन पुरुष सोबत हवेत, एक ड्रॉइंगचे मास्तर आणि एक हेडक्लार्क. हेडक्लार्कना गाडी लागायची, त्यामुळे कुणी कुणाचं संरक्षण करायचं हा प्रश्नच होता. तरी मी हो म्हटलं. एसटीच्या डेपोत भांडूनही एक अट राहिलीच. चाळीस माणसं भरली तरच अख्खी गाडी मिळेल, आणि बसायच्या जागांपेक्षा एकही माणूस जास्त चालणार नाही. चाळिसाला काय कमी, असं मला वाटलं. संमतीच्या चिठ्ठ्या आल्या एकोणीस.

मुलींच्या वडिलांची सभा बोलावली. सगळ्यांचं एकच म्हणणं, दिवेलागणीच्या आत पोरी घरात पाहिजेत. एवढंच असेल तर दाखवते, म्हणून पुढच्या रविवारी मी एकटीच नेहमीच्या गाडीने पिंपळगावला निघाले. मनगटावर घड्याळ, हातात वही. मालेगाव किती वाजता, राहूडचा घाट किती वाजता, चांदवड किती वाजता, सगळं टिपत गेले. वेळ अगदी बसत होती. मी मात्र बसू शकत नव्हते. निघताना दोन कप चहा प्यायले होते, आणि धुळ्यापासून पिंपळगावापर्यंत बाईमाणसाने जायचं कुठे, याचं उत्तर त्या सबंध रस्त्यावर नव्हतं. पुरुष गाडी थांबली की खाली उतरून कुठल्याही झाडाकडे तोंड करत होते. आम्ही बायका मांडीवरच्या पिशव्या घट्ट धरून बसलो होतो.

मला स्वतःचा भयंकर राग आला. चाळीस मुलींचं वेळापत्रक मिनिटाला मिनिट लावलं आणि ही गोष्ट डोक्यातच आली नाही. बाई असून आली नाही. मुली काय करतील तेही कळत होतं. आदल्या रात्रीपासून पाणी प्यायच्या नाहीत आणि उन्हात एखादी चक्कर येऊन पडेल.

त्यापुढचा रविवार मी आडोसे शोधण्यात घातला. मालेगावच्या पुढे रस्त्यालगत एक प्राथमिक शाळा होती. तिच्या मागे उंच भिंत होती आणि तिथल्या गुरुजींच्या बायकोने दोन बादल्या पाणी भरून ठेवायचं कबूल केलं. चांदवडला एका घराचं दार वाजवलं. आतल्या बाईंनी मला आधी नखशिखान्त न्याहाळलं, मग काम कळल्यावर हसल्या आणि परसातला गोठा दाखवला. ज्यांची बाग बघायची होती त्या पिंपळगावच्या मळेवाल्यांच्या घरी तर सासूबाईंनी विहिरीजवळ आडोशाला बांबूच्या तट्ट्या लावून द्यायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मांडवाखाली मात्र मी गेले नाही. मुलींच्या आधी बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढला. नद्या नाहीत, डोंगर नाहीत. भिंत, गोठा, तट्ट्या, आणि प्रत्येक आडोशापुढे पाणी किती ते. हा नकाशा वडिलांना दाखवण्यात अर्थ नव्हता. मी तो पिशवीत घालून घरोघरी गेले, दुपारी, पुरुष कामावर असताना.

बायांनी तो कागद असा वाचला की माझ्या वर्गात कुणी नकाशा तसा वाचला नसेल. अक्षर न येणाऱ्याही बोट ठेवून विचारत होत्या. एकीचं बोट चांदवडवर थांबलं. "आठे गोठा शे म्हनतस, पन त्याले दार शे का?" मी म्हटलं, दाराला आतून कडी आहे, मी लावून पाहिली. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मंग जाऊ द्या पोरले. तिना बापले मी सांगसू." मग हळूच विचारलं, "मी बी येसू. जागा शे का?"

हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक घरी मीच विचारायला लागले. आई सोबत असेल तर वडिलांना बोलायला जागा उरत नव्हती. आठ दिवसांत चिठ्ठ्या आल्या, चाळीस ओलांडून गेल्या, आणि गाडीतली शेवटची जागाही भरली. कित्येक आयांनी तोवर मालेगावसुद्धा पाहिलं नव्हतं.

डेपोत यादी द्यायच्या दिवशी शाळा सुटल्यावर एक बाई ऑफिसच्या दाराशी उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत होती. तिलाही गाडीत जागा हवी होती. मी म्हटलं, गाडी भरली, आणि तशीही ही सहल मुलींची आणि त्यांच्या आयांची आहे. तुमची मुलगी कोणती?

"मनी आंडेर तुमनाच वर्गमा व्हती," ती म्हणाली. "दिवाळीनंतर लगीन करी टाकं. ती सासरी शे. तिनी जागा माले द्या."

मला ती मुलगी आठवली. हजेरीत तिच्या नावावर रेघ मीच मारली होती, आणि ती मारताना मी कुणाशी भांडले नव्हते. चिटणिसांशी भांडले, डेपोत भांडले, तिच्यासाठी एक शब्द बोलले नव्हते. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

मी यादी उघडली आणि ड्रॉइंगच्या मास्तरांचं नाव खोडलं. संरक्षणाला हेडक्लार्क पुरे होते. मास्तर पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि शेठजींना जे सांगायचं ते मी सांगणार होते. खोडलेल्या नावावर लिहायला पेन टेकवलं आणि तिला तिचं नाव विचारलं.

"मनं नका लिखू," ती म्हणाली. "तिनं लिखा."

मी तिच्या मुलीचं नाव लिहिलं, आणि पुढे इयत्ता लिहिली, नववी.