वाघोबाच्या रानातली हाडं

लग्न होऊन मी मुरबाडकडून खर्डीच्या बाजूला आले, तेव्हा माझी चुलतसासू, आमची काकी, पन्नाशीला टेकली होती आणि कपाळभर कुंकू लावत होती. नवरा मात्र तिच्या तरुणपणीच नाहीसा झालेला. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, झाडांच्या फांद्या तोडायला गेला तो परतलाच नाही. त्याचा कोयता वाटेवरच्या एका ऐनाच्या झाडाला अडकवलेला सापडला आणि त्याच दिवशी चरायला गेलेली गायही परतली नाही. गावानं दोन आणि दोन पाच केले: म्हशाच्या जत्रेत गाय विकली आणि मुंबईत जाऊन दुसरी केली! बायका पाणवठ्यावर काकीला ऐकू जाईल असं बोलायच्या. माझं डोकं फिरायचं. काकी एवढंच म्हणायची, "त्यो मला टाकून जायाचा नाय गो."

तेव्हा सगळं रान पालथं घातलं होतं म्हणे, फक्त वाघोबा देवाचं सोडून. तिथं दिवाळीतल्या वाघबारशीखेरीज पाऊल टाकायचं नाही आणि लोखंड तर कधीच न्यायचं नाही, अशी रीत. मग तिथं कोण शोधणार?

एका पावसाळ्यात त्या रानातला जुना उंबर मुळासकट कोसळला. वाघबारशीला पुरुष नारळ घेऊन गेले, तर मुळांलगत, इतकी वर्षं पाल्यापाचोळ्यानं झाकलेली खडकातली खोल भेग उघडी पडलेली. आत हाडं होती. गुराची आणि माणसाची, एकमेकांत मिसळलेली.

शहापूरहून फौजदार आले. रानाच्या कडेला गोणपाटावर हाडं मांडली. "कोणाची म्हणून लिहू? कुणी वाटसरूही असेल," ते म्हणाले. सगळे एकमेकांच्या मागं सरकले. त्याचं नाव घ्यावं तर इतक्या वर्षांची बडबड अंगाशी येणार होती ना!

काकी पुढं झाली. कवटीकडे तिनं बघितलंही नाही. हातांची हाडं चाचपली, त्यातलं एक उचललं आणि डोळे मिटले. मनगटाच्या जरा वर त्या हाडाला वाकडी गाठ होती. तिचा अंगठा आपसूक तिथं जाऊन टेकला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तो झाडावरून पडला होता, हात वाकडा सांधला होता. पावसाळ्यात ठणकायला लागला की ती तेल लावून तीच गाठ चोळायची, हे तिनं मला कितीदा तरी सांगितलं होतं. हाडावरून नवरा ओळखला असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण तो अंगठा पाहून माझ्या अंगावर काटा आला. आज लिहितानाही येतोय.

"ह्योच," ती म्हणाली. "गायीमागं गेलेला. देवाची रीत पाळून, कोयता भायेर ठेवून."

फौजदारांनी मान डोलावली. म्हातारे म्हणाले, इथंच अग्नी देऊ. बाहेर मेलेलं माणूस वेशीच्या आत न्यायचं नसतं. काकीनं गोणपाटाची टोकं जमवून गाठ मारली आणि ते ओझं उचलून कडेवर घेतलं.

"इतकी वर्सं तुमीच त्याला भायेर ठेवला," ती म्हणाली. "त्यो घरीच यायला निघालेला."

म्हातारे बाजूला झाले. ती पुढं आणि अख्खं गाव मागं, असे आम्ही वेशीतून आत गेलो.