दोन ताटं

अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की मला ती सकाळ आठवते. माझा धाकटा भाऊ आणि भावजय वारल्यावर त्यांची दोन पोरं दोन वर्षं आमच्या मस्तगडच्या घरी होती. पुढे कॅनडातल्या माझ्या बहिणीनं त्यांना रीतसर दत्तक घेतलं. पोरं तिकडे पोहोचली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक चालला होता, तिकडे संध्याकाळचं जेवण. "दादा, वरण-भात केला, वरून तूप वाढलं, तरी दोघं हात लावून न्हाई राह्यले. थोरली सारखी विचारती, आत्या, आमचं काय चुकलं?" मी म्हणालो, "वाढलं कशात?" "नवी ताटं आणली ना, दोघांना दोन." हे ऐकून बायकोनं भाजीखालचा गॅस बंद केला. आमच्या घरी ती दोघं एकाच ताटात जेवायची, आणि भांडली की बायको त्यांची ताटं वेगळी करायची. तेवढीच काय ती शिक्षा. "एकाच ताटात वाढा, ताई," ती फोनजवळ येऊन म्हणाली. थोड्या वेळात पोरं जेवायला लागली. बहीण हसली, मीही हसलो. बायको मात्र म्हणाली, "दोन वर्षं खाऊ घातलं, अन् पोरं इथून काय घेऊन गेली, तर माझी शिक्षा." आता पोरं तिकडे आपापल्या ताटात मजेत जेवतात. पण व्हिडिओ कॉलवर ती जेवायला बसलेली दिसली, की बायको बोलता बोलता फोन माझ्या हातात देते.