भोसरीची चेकर रत्नागिरीत पेडवे तपासते

"आई, मी हे काम सोडून घरी येते," स्नेहल फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. माझी लेक रत्नागिरीत पेडव्यांवर संशोधन करते. पेडवा म्हणजे तारलीच्या घराण्यातला वीतभरही नसलेला चंदेरी मासा. हा मासा किती लांबीचा झाला की त्याच्यात गाभोळी, म्हणजे अंडी, धरते, हे तिला शोधायचं होतं. पण आकडे जुळेनात. तिच्या मार्गदर्शक सरांनी निक्षून सांगितलं होतं की या आठवड्यात घोळ सुटला नाही, तर हंगामाचं सगळं काम बाद.

"जा, घेऊन ये तिला," आमचे हे म्हणाले. "इथं चाकणला कुठल्याही कंपनीत लागेल."

आम्ही मूळचे परभणीकडचे, आता रहाटणीत राहतो. मी भोसरीत गाड्यांच्या वायरिंगच्या वर्कशॉपमध्ये चेकर आहे. गुरुवारच्या सुट्टीला तीन रजा जोडल्या आणि बुधवारी सकाळी वल्लभनगरहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. कऱ्हाडपर्यंत रस्ता झकास आहे. आंबा घाटात मात्र वळणांनी जीव नकोसा होतो, तेव्हा मलकापूरला भजी खायचा मोह टाळा. मी टाळला नाही आणि पस्तावले.

स्टँडवर स्नेहल घ्यायला आली होती. पोरगी निम्मी झाली होती. तिने बॅगही भरून ठेवली होती. खानावळीत भात, पेडव्याचं तिखलं आणि सोलकढी जेवलो. काटे फार, पण चव अशी की मी दुसऱ्यांदा भात मागितला.

गुरुवारी उजाडताच बंदरावर गेलो. तुम्ही जाल तेव्हा न घसरणारी चप्पल घाला. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या आणि लिलावाचा गलका चालू होता. एका मावशींनी स्नेहलला लांबूनच हाक मारली.

"ये गो बाय! तुझे पेडवे बाजूला ठेवलेत. ही कोण?"

"माझी आई."

"हुशार आहे हो तुमची पोर. माशाचं पोट बघून काय खाल्लंय ते सांगते!"

मी विचारलं, तर स्नेहल टोपलीशी बसूनच सांगायला लागली. पेडवे थव्याने फिरतात. त्यांच्या कल्ल्यांत कंगव्यासारखे बारीक काटे असतात, त्यातून पाणी गाळून ते डोळ्यांना न दिसणारे जीव खातात. पोटाखाली करवतीसारखी धार असते. तिने माझं बोट धरून त्या धारेवरून फिरवलं. फोनवर रडणारी पोरगी ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

प्रयोगशाळेत तिने ट्रे मांडले. आधीचे बर्फातले मासेही काढले. ती लांबी मोजत होती, मी शेजारी बसून होते. रिकामं बसणं मला जमत नाही. टेबलावरचं भिंग उचललं आणि खवले बघायला लागले. दिवसभर वायरीची टोकं तपासणारी मी. कट साफ आहे की तुसं निघालीत, हे माझ्या नजरेला आपसूक दिसतं.

"स्नेहल, हा माल एक नाही."

"म्हणजे?"

"या माशाच्या खवल्याची कड झालरीसारखी आहे. या दुसऱ्याची तशी नाही."

तिने भिंग जवळजवळ हिसकावलंच. मग सूक्ष्मदर्शक. मग कल्ल्यांतले काटे मोजले, पोटाखालच्या धारदार खवल्यांची संख्या पाहिली. नुसत्या कडेवर जात ठरत नाही, म्हणाली. दुपारचं जेवण राहिलं. शेवटी ती खुर्चीत मागे टेकली.

"आई, दोन जाती आहेत गं! ताजी असताना दुसरीच्या अंगावर सोनेरी रेघ असते, बर्फात ती पुसट होते. मी दोघींना एकाच यादीत मोजत होते. दोघींना गाभोळी वेगवेगळ्या लांबीला धरत असणार!"

शुक्रवारी तिने मासे वेगळे करून आकडे पुन्हा मांडले आणि ते जुळले. सरांनी स्वतः काही मासे तपासले. "फरक कुणाच्या लक्षात आला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आईच्या. ती भोसरीत क्वालिटीला आहे," स्नेहल म्हणाली. सरांनी उठून मला खुर्ची दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

शनिवारी मी एकटीच परतले. ह्यांनी दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी स्नेहलला फोन लावला आणि विचारलं, "बेटा, त्या माशाचं नाव परत सांग बरं, कंपनीत सांगायचंय."

वर्कशॉपमधल्या मैत्रिणी विचारतात, रत्नागिरीत काय पाहिलंस? किल्ला राहिला, दीपगृह राहिलं. समुद्रसुद्धा बंदरावरून दिसला तेवढाच. पण माझी मुलगी कामावर असताना कशी दिसते, ते मी पाहून आले.