काहीच न करायची बाजू

सगळं जग डास मारतं आणि ही पगार घेऊन डास पाळायची, म्हणून गल्लीत तिला सगळे डासमावशी म्हणत. प्रयोगशाळेच्या उबदार खोलीत दिवसभर ती नर आणि माद्या वेगळ्या करायची. चावतात त्या माद्या. नर बिचारे नावाला डास. या नरांची जनुकं अशी बदलली होती की त्यांच्या पोटच्या मुली मोठ्या होण्याआधीच मरायच्या. मुलीच नाहीत म्हटल्यावर पुढची पिढी कुठून येणार?

हे नर अर्ध्या शहरात सोडायचं ठरलं. उरलेल्या अर्ध्यात काहीच करायचं नाही, नाहीतर फरक पडला हे कळणार कसं? चिठ्ठ्या टाकल्या, आणि मावशीची गल्ली काहीच न करायच्या बाजूला गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी एकुलती एक मुलगी. कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. तिला डासांचा ताप एकदा येऊन गेला होता. तो दुसऱ्यांदा आला तर जिवावर बेतू शकतं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

नवरा म्हणाला, “रोज नरांचा एक डबा आण ना घरी. कुणाला कळतंय?”

“सगळा प्रयोग फुकट जाईल.”

“जाऊ दे की.”

तिने धीर करून प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना विचारलं, एक डबा घरी नेऊ का. बाई म्हणाल्या, “माझी आईही त्याच बाजूला राहते गं.” मावशीने खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, कुंड्यांतलं पाणी ओतून दिलं आणि डबा काही आणला नाही.

तापाची साथ आली आणि आठवड्याच्या आत मुलगी गेली. मावशीला रडायचं होतं, पण ते राहूनच गेलं. नंतर जेवण करताना, केस विंचरताना तिला काहीच वाटेनासं झालं.

वर्षाअखेर बाईंनी पडद्यावर तापाच्या रुग्णांचे दोन खांब दाखवले, नर सोडलेल्या बाजूचा बुटका, काहीच न केलेल्या बाजूचा उंच. उंच खांबात मावशीची मुलगी होती. तोही बुटका असता तर प्रयोग फसला असता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

आता नर सगळीकडे सोडायचे होते. गाडी तिच्याच गल्लीत थांबली. मावशीने उतरून डब्याचं झाकण काढलं. नर भुर्रकन उडाले. नवरा दारात उभा राहून बघत होता.

“एवढंच होतं?” त्याने विचारलं.

“एवढंच,” ती म्हणाली आणि तिने दुसरा डबा उचलला.