तोंडाला बिजागरी आहे, कडी नाही

मामाला सगळा बाजारच मामा म्हणतो, त्यामुळे सख्खी भाची असूनही मला वेगळा मान नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात तो सत्तावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, "ते हे द्या, त्याला लावायचं असतं ते." मामा न बघता मागचा खण ओढायचा आणि वस्तू नावानिशी हातात ठेवायचा. हरवलेलं पोर आईच्या हवाली करावं तशी.

त्याला फिट यायच्या. बोलता बोलता नजर थिजायची, ओठ काही चघळत असल्यासारखे हलायचे आणि दोन मिनिटांनी तो विचारायचा, "कुठपर्यंत आलो होतो?" त्यापायी शिडी बंद, सायकल बंद. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या बाजूचा एक लहानसा तुकडा काढायचं ठरवलं. फिट थांबतील, पण वस्तूंची नावं अडखळतील, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

"जन्मभर लोकांना नावं ठेवली," मामा म्हणाला, "थोडी गेली तर बरंच."

फिट गेल्या. सात महिन्यांत एकही आली नाही. नावंही गेली. वस्तू कशाची, कुठे लागते, कोणत्या खणात आहे, सगळं ठाऊक. नाव मात्र जिभेच्या टोकाशी येऊन माघारी फिरायचं. खणांवर चिठ्ठ्या नव्हत्याच, प्रत्येकावर आतल्या वस्तूचा एकेक नमुना ठोकलेला होता. मामी म्हणाली, नावं लिहून चिकटवा. मामा म्हणाला, "मग गिऱ्हाईकच मामा होईल."

काउंटरवर हातवाऱ्यांनी निभायचं. पंचाईत सोमवारची. दर सोमवारी घाऊक व्यापाऱ्याला फोनवर मालाची यादी सांगायची, आणि फोनमधून हात दिसत नाहीत. एका सोमवारी मामा बराच वेळ अडला आणि शेवटी म्हणाला, "ती कोपरं पाठवा. शंभर. दार वळतं ना, ती."

व्यापाऱ्याने कोपराचं मनातल्या मनात इंग्रजी केलं. बुधवारी खोकं आलं. आत बिजागऱ्यांऐवजी पाइप वळवायचे शंभर एल्बो.

दुकानाच्या मालकीणबाईंनी एक एल्बो उचलून डोळ्यासमोर धरला. "मामा, आता हा दाराला लावून दाखवा."

मामा हसला नाही.

"पुढच्या सोमवारी यादी नीट गेली तर ठीक," त्या म्हणाल्या, "नाहीतर फोन मी करीन आणि तुम्ही गोदाम बघा."

गोदामात गिऱ्हाईक नसतं. म्हणजे बोलायला कुणी नाही. त्या दिवशी मामाने जेवताना मीठ कमी आहे हेसुद्धा सांगितलं नाही, तेव्हा मामी घाबरली.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, शब्द समोरून येत नसेल तर मागच्या दाराने आणा, एखाद्या वाक्यातून. गंमत म्हणजे मामाच्या म्हणी आणि वाक्प्रचार शाबूत होते. मामीने भाजी चिरता चिरता परीक्षा घेतली.

"गप्प बसायला तोंडाला काय लावतात?"

"कुलूप."

"तुमच्या डोक्यातला काय ढिला आहे?"

"स्क्रू. तोही डॉक्टरांनी काढला."

"जळला तरी पीळ जात नाही तो?"

"सुंभ. आणि तुझा भाऊ."

बिजागरीपाशी मात्र गाडी अडली. मामा, मामी आणि मी, तिघांनी डोकं खाजवलं. दारं इतकी उघडली-मिटली, पण बिजागरीवर कुणी म्हण केली नव्हती.

"मग आपण करू," मामी म्हणाली. तिने विळी बाजूला सारली. "अहो, तुमच्या तोंडाला बिजागरी आहे, कडी नाही."

मामा आधी रुसला. पण आठवडाभर तो लांबण लावू लागला की मामी तेवढंच म्हणायची. रविवारी त्याने शेजाऱ्याला तेच ऐकवलं आणि घरी येऊन सांगितलं, "लागू पडली त्याला."

सोमवारी मी मुद्दाम दुकानात थांबले. मालकीणबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटत नव्हतं. मामाने कुलपं सांगितली, स्क्रू सांगितले, सुंभाची दोन बंडलं सांगितली. मग तो थांबला. मोकळा हात हवेत उघडत-मिटत राहिला.

"हॅलो? मामा, आहात ना?" पलीकडून आवाज आला.

"आहे हो." मामाने घसा खाकरला. "आमची ही म्हणते, माझ्या तोंडाला… बिजागरी आहे, कडी नाही."

पलीकडचा माणूस इतका हसला की मलाही ऐकू आलं. "वहिनींना सांगा, पटलं."

"पटलं ना? मग लिहा. बिजागऱ्या शंभर, चार इंची."

"आणि कड्या?"

"कड्या आहेत दुकानात. घरात नाहीत. आणि ते गेल्या खेपेचे, पाइपाचे… ते…"

"एल्बो?"

"हां, ते परत न्या."

मालकीणबाईंनी पान उलटलं. "मामा, सोमवारचा फोन तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "फक्त जरा आटोपशीर घ्या. गिऱ्हाईकांचे फोन येतात."

मामाने मान डोलावली आणि व्यापाऱ्याला विचारलं, "बरं, तुमच्या गुडघ्याचं काय झालं?"