कोमट पाणी

गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीच्या खोल्या बांधल्या, तेव्हापासून मावशी तिथे कामाला होती. जमिनीतून येणारं पाणी रोज सारखं तापलेलं नसे. हौदात डावं कोपर बुडवायचं, अंदाज घ्यायचा आणि गार पाण्याचा नळ कमी-जास्त करायचा, हे तिचं काम. तापमापक बिघडला तेव्हा कुणी नवा मागवलाही नाही, इतका सगळ्यांचा तिच्या कोपरावर भरवसा.

अलीकडे मात्र पाणी तिला कोमट लागत होतं. झरा थंडावत चालला, असं तिने मनाशी धरलं. झरा गेला की पाहुणे जाणार, खोल्यांना टाळं लागणार आणि आपण घरी बसणार. या धास्तीने ती कुणाजवळ बोलली नाही. गार नळ तेवढा रोज थोडा थोडा आवळत गेली. काल एक बाई लालबुंद होऊन बाहेर आली, तेव्हाही "नाजूक कातडी" म्हणून तिने विषय झटकला.

आज तिची नणंद आरामाला म्हणून आली होती.

"वहिनी, घरी कधी तांब्याभर पाणी विचारलं नाहीस, आणि आज अख्खा हौद?"

"उतर आधी. पाण्यात गेलीस की तोंड तरी बंद राहील."

नणंद हसत पायरीवर बसून केस बांधू लागली. वाफेत खिडकी दिसेनाशी झाली होती. भिंतीतला पाइप गुरगुरत होता. मावशीने कोपर बुडवलं. कोमटच. तिने गार नळ पुरता बंद केला.

"वाफ केवढी गं."

"नुसती वाफच. पाण्यात जीव राहिला नाही."

तेवढ्यात नणंदेचा टॉवेल हौदात पडला. तो काढायला मावशीने उजवा हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं भाजली होती. तिने डावं कोपर पुन्हा बुडवलं. कोमट. बाहेर काढून पाहिलं, तर कातडी लाल झालेली आणि दुखत काहीच नव्हतं.

नणंदेचा पाय पाण्याकडे निघाला होता. मावशीने दंड धरून तिला असं ओढलं की दोघी फरशीवर आदळल्या.

"कुठला जुना राग काढतेस?" नणंद कंबर चोळत म्हणाली. मग तिला ते कोपर दिसलं. तिने हळूच चिमटा काढला. "लागतंय?"

"नाही."

"कुणाला सांगू नकोस, वहिनी. काढून टाकतील तुला."

पण शेजारच्या खोल्यांमधले हौद सकाळीच भरले होते, याच कोपराच्या अंदाजाने. मावशी उठली, ओल्या पायांनीच व्हरांड्यात गेली आणि पहिल्या दारावर थाप मारली. आतून कुणी ओ दिली नाही. तिने पुन्हा मारली.